मेथी : ताटातली आणि डबीतली

थंडी पडली की नाशकात मार्केट यार्डात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि इकडे आमच्या मेडिकलच्या काउंटरवर मेथीच्या कॅप्सूल, मेथी पावडर, मेथीचा अर्क याची विचारणा सुरू होते. यावेळी पत्रंसुद्धा बरीचशी मेथीचीच आलीयेत म्हणून सगळा कॉलम तिलाच देतेय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या गोळीचा डोस कमी-जास्त करणं माझ्या हातात नाही, पण कुठली गोष्ट कुठल्या औषधाबरोबर घेतली की गडबड होते हे मला सांगता येतं आणि ते मी सांगणारच. एक आधीच सांगून ठेवते, मेथीने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाहीये. मेथीचा शरीरावर परिणाम होतो, चांगला होतो, आणि परिणाम होतो म्हणूनच ती औषधासारखी घ्यायची असेल तर औषधासारखीच विचारून घ्यायची.

ताई, माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत, डायबेटिसची मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी चालू आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मित्रांनी सांगितलं म्हणून त्यांनी मेथीपूड सुरू केलीये, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मोठे चमचे पाण्यातून. शुगर खाली आली म्हणून खूश आहेत, पण दोनदा जेवायच्या आधी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, आणि विनाकारण चिडले. ते म्हणतात अंगातली उष्णता बाहेर पडतेय. मला भीती वाटते. – एक सून, कॉलेज रोड

तुम्हाला भीती वाटली ते बरंच झालं. ही उष्णता नाही, वर्णनावरून तरी शुगर खाली जातेय असंच दिसतंय, आणि हे पत्र छापून यायची वाट न बघता मी तुम्हाला आधीच कळवलं होतं की डॉक्टरांना आजच फोन करा. पण अशी घरं बरीच असणार म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मेथीदाण्यात विरघळणारा फायबर भरपूर असतो, भिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो ना तोच. तो पोटात गेला की जेल तयार होतं, जेवण पोटातून हळू पुढे सरकतं आणि भाकरी-भातातली साखर रक्तात एकदम न येता सावकाश येते. शिवाय त्यात ४-हायड्रॉक्सीआयसोल्यूसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, जे इन्सुलिन सुटायला मदत करतं. म्हणजे शुगर कमी होते हे काही मनाचे खेळ नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर बरंच काम केलंय, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात तेल काढलेली मेथीपूड दिवसाला १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून दिली होती आणि उपाशीपोटीची शुगर चांगली खाली आली होती. पण हे नीट बघा, १०० ग्रॅम, जेवणात मिसळून, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मोजकेच दिवस. त्यानंतरचे बरेचसे अभ्याससुद्धा छोटे आणि थोड्या काळाचे आहेत, त्यामुळे मेथीने गोळी सुटते असं त्यातून कुणालाही म्हणता येत नाही.

आता तुमच्या सासऱ्यांचं गणित. चहाचा एक सपाट चमचा मेथीदाणे साधारण ४ ग्रॅम भरतात, मोठे चार चमचे पूड म्हणजे ते ३० ग्रॅमच्या आसपास किंवा पुढेच गेले. आणि गोळीत ग्लिमेपिराइड आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्याने जाते, जेवण लांबलं की हमखास. त्यात वरून मेथी म्हणजे एकाच दिशेला दोन जण ढकलतायत.

पुन्हा असं झालं तर ग्लुकोमीटर हाताशी असेल तर लगेच तपासा, ७० च्या खाली आकडा म्हणजे शुगर कमी. मीटर नसेल तर वाट बघू नका, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमीच असेल तर परत द्या, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. आणि हो, मेथी घेतोय म्हणून गोळी स्वतःच अर्धी करायची नाही, शुगर चांगली आली म्हणून गोळी बंद तर अजिबातच नाही. सासऱ्यांना सांगा की मेथी सोडायचीच असं काही नाही, पण किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा, पाण्यातून एकदम पिण्यापेक्षा जेवणात घ्या, आठवड्याच्या शुगरच्या नोंदी वहीत लिहा आणि ती वही दाखवा. डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील तर तो आनंदच आहे. जॉगिंग ट्रॅकवरच्या मित्रांची गोळी वेगळी, किडनी वेगळी, जेवणाच्या वेळा वेगळ्या, त्यांना जे झेपलं ते यांना झेपेलच असं नाही हे मात्र कुणीतरी प्रेमाने समजावून सांगायला हवं.

माझ्या मुलीला पाचवा महिना चालू आहे. तिच्या सासूबाई म्हणतात आतापासूनच मेथीचे लाडू आणि मेथीच्या कॅप्सूल सुरू कर म्हणजे कंबर मजबूत होते. देऊ का? – एक आई, पंचवटी

कॅप्सूल नको. लाडूही आत्ता नको, ते बाळंतपणानंतरचे आहेत आणि आपल्याकडच्या जुन्या बायका ते तेव्हाच द्यायच्या, त्यामागे काहीतरी अनुभव असणारच. मेथीदाणे जास्त प्रमाणात घेतले तर गर्भाशयाच्या आकुंचनाला चालना मिळू शकते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या डोसने गर्भावर वाईट परिणाम झालेले दिसलेत, त्यामुळे गरोदरपणात जेवणात असते त्यापेक्षा जास्त मेथी सुरक्षित धरत नाहीत. पण याचा अर्थ घाबरून मेथीची भाजी बंद करायची असा नाही हं. मेथीची भाजी, ठेपले, फोडणीतले चार दाणे, लोणच्यातली मेथी, मेतकूट भात, हे सगळं ती खुशाल खाऊ दे. भाजी मात्र तीन-चार पाण्यातून धुवायची, जुडीच्या मुळाशी माती फार असते.

आणि कंबरेसाठी म्हणाल तर डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या ती वेळेवर घेतेय ना ते बघा. या दोन गोळ्या एकत्र घेत नाहीत, मध्ये काही तासांचं अंतर ठेवतात, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नाहीच नाही. काउंटरवर हे मी रोज सांगते तरी निम्म्या मुली दोन्ही गोळ्या एकत्र गिळतात.

डिलिव्हरी होऊन तीन आठवडे झाले, दूध कमी वाटतं. आई मेथीचे लाडू देतेय, मैत्रिणीने मेथीच्या कॅप्सूल सांगितल्या. पण बाळाला गॅस होतोय आणि त्याच्या लंगोटाला एक गोडसर वास येतोय, हे लाडवाने होतं का? – नवी आई, नाशिक रोड

होऊ शकतं. मेथीत सोटोलोन नावाचा एक घटक असतो, त्याचा वास जळक्या साखरेसारखा असतो, तो तुमच्या घामाला आणि लघवीला येतो आणि दुधातून बाळापर्यंतही जातो. पण एवढ्यावर सोडून देऊ नका, लहान मुलांच्या डॉक्टरांना वासाबद्दल सांगा आणि त्याचबरोबर मी मेथी खाते हेही सांगा. कारण एक दुर्मिळ जन्मजात आजार असा आहे की ज्यात बाळाच्या लघवीला अगदी असाच गोड वास येतो, आणि त्यात वेळ घालवून चालत नाही. मेथीमुळे वास आलेल्या बाळांची त्या आजाराच्या संशयाने तपासणी झाल्याचे प्रकार घडलेत, म्हणून डॉक्टरांना दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या. बाळ सुस्त वाटतंय, दूध ओढत नाहीये, सारखं उलटी करतंय असं असेल तर मग थांबायचंच नाही, लगेच न्यायचं.

दुधाचं म्हणाल तर मेथीने दूध वाढतं यावर काही अभ्यास हो म्हणतात, काही म्हणतात फरक नाही, आणि अभ्यास मुळातच छोटे आहेत. जे नक्की ठाऊक आहे ते असं की दूध बाळाच्या ओढण्याने वाढतं, जितकं रिकामं होईल तितकं परत तयार होतं. तेव्हा बाळ नीट लागतंय का हे आधी बघून घ्या, पकड चुकीची असेल तर लाडवांची परात संपली तरी उपयोग नाही. रात्रीसुद्धा पाजा. बाळाला दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लघवी होतेय आणि वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय, कमी ‘वाटणं’ आणि कमी असणं यात बराच फरक असतो आणि घरातल्या पाच जणांनी पाच वेळा विचारलं की कुठल्याही बाळंतिणीला कमीच वाटायला लागतं.

लाडू खायचा असेल तर दिवसाला एक छोटा खा, तूप-गूळ-डिंक पोटात जातं, आईच्या हातचं असतं, चांगलंच आहे. बाळाचा गॅस वाढतोय वाटलं तर चार दिवस बंद करून बघा. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न विचारता नको, आणि तुम्हाला डायबेटिस, दमा किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर ते त्यांना आठवणीने सांगा.

थायरॉइडची गोळी आणि मेथीचं पाणी दोन्ही सकाळी उपाशीपोटीच घ्यायचं असतं ना? मी एकत्रच घेते. – सिडको

एकत्र नको. थायरॉइडची गोळी फक्त साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. मेथीचा तो बुळबुळीत फायबर गोळी नीट शोषू देत नाही, मग गोळी घेऊनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला दिसतो आणि डोस विनाकारण वाढतो. मेथी दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. बाकीच्या तोंडाने घ्यायच्या औषधांनाही हेच, मेथीपूड आणि गोळी यात दोनेक तास जाऊ द्या.

मी २३ वर्षांचा आहे, गंगापूर रोडला जिमला जातो. ट्रेनरने मेथीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायला सांगितल्या, टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणून. एक डबी जवळजवळ दोन हजारांची. घेऊ का?

दादा, दोन हजारांत अंडी, दूध, फुटाणे, डाळी किती येतील याचा हिशेब करा आधी. मेथीच्या अर्कावर काही चाचण्या झाल्यात, काहींत टेस्टोस्टेरॉन थोडंसं वाढलेलं दिसलं, काहींत काहीच नाही, आणि त्यातल्या बऱ्याच चाचण्यांना अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचाच पैसा होता. मेथीत डायोस्जेनिन असतं आणि त्यापासून कारखान्यात हार्मोन बनवतात हे खरं आहे, ट्रेनर लोक हेच सांगतात, पण ते काम लॅबमध्ये रसायनं वापरून होतं, आपलं शरीर डायोस्जेनिनचं टेस्टोस्टेरॉन बनवत नाही. २३ व्या वर्षी तब्येत चांगली असेल तर ते मुळातच पुरेसं असतं. खूप थकवा, इच्छा कमी होणं असं काही असेल तर लाजू नका, रक्त तपासून डॉक्टरांना भेटा, कॅप्सूलने ते झाकायचं नाही.

आणि अर्क ही दाण्यापेक्षा वेगळी वस्तू आहे हे लक्षात घ्या. ५०० मिलीग्रॅम अर्क म्हणजे अर्धा ग्रॅम मेथी नव्हे, किती दाण्यांतून तो काढलाय आणि कुठला घटक वाढवलाय त्यावर सगळं आहे, म्हणून आजी मूठभर मेथी खायची तर दोन कॅप्सूलने काय होतंय हा हिशेब इथे चालत नाही. पोट बिघडणं, जुलाब, गॅस, घामाला वास हे तर होतंच, आणि मेथी असलेल्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आल्याच्याही थोड्या नोंदी आहेत, क्वचित होतं पण होतं. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली तर त्याच दिवशी बंद.

तरीही डबी हातात घेतलीच तर उलटी करून वाचा. सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ अंकी नंबर हवा आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचनाही असायला हवी. आयुर्वेदिक औषध म्हणून विकत असतील तर उत्पादन परवान्याचा नंबर हवा. बॅच नंबर, तारीख, एका कॅप्सूलमध्ये नेमकं किती काय हे लिहिलेलं नसेल तर परत ठेवून द्या. डायबेटिस मुळापासून बरा करतो अशी जाहिरात करणं तर १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे, तेव्हा तसं छापलेलं दिसलं तर त्या कंपनीच्या बाकीच्या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. सुट्टी, बिनलेबलची पूड पाकिटात भरून जिममध्येच विकतात ती तर हातही लावू नका.

केस गळतात म्हणून मेथी वाटून डोक्याला लावते, पण मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चालेल ना? – सातपूर

आधी डॉक्टरांना विचारा आणि तोपर्यंत लावू नका. मेथी, शेंगदाणा, हरभरा हे सगळे एकाच कुळातले, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते, आणि मेथीच्या पेस्टने डोक्याला सूज, मेथीपुडीने शिंका आणि दम लागणं असे प्रकार झालेत. शेंगदाण्याने तुम्हाला कधी ओठ सुजणं, श्वास अडकणं असं झालं असेल तर मेथीचे प्रयोग घरी करायचेच नाहीत. केस गळण्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, बऱ्याच बायकांचं कारण तिथे सापडतं.

मोड आलेली मेथी सॅलडमध्ये कच्ची खाल्ली तर जास्त फायदा होतो असं ग्रुपवर वाचलं. – देवळाली कॅम्प

वाफवून खा. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय नावाच्या जंतूच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली, जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले, कितीतरी जणांच्या किडन्या बंद पडल्या. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि शेवटी माग लागला तो मोड आलेल्या मेथीपर्यंत, इजिप्तहून आलेल्या बियाण्यापर्यंत. यात मेथीचा स्वतःचा दोष काही नाही. दाण्यावर चार जंतू असले तरी मोड यायला लागणाऱ्या त्या उबेत आणि ओलाव्यात ते प्रचंड वाढतात, आणि वरून धुऊन सगळे जात नाहीत. आपल्याकडे मोडाच्या मेथीची उसळ करतात, फोडणी देऊन झाकण ठेवून चांगली शिजवतात, ती पद्धत एकदम बरोबर आहे. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि कॅन्सरचे उपचार चालू असलेले यांना कच्चे मोड देऊच नका, मग ते मुगाचे का असेनात. आणि पेरणीसाठी म्हणून विकत घेतलेलं बियाणं खायला वापरू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

माझ्या वडिलांची हृदयाची झडप बदललीये, रक्त पातळ करायची गोळी कायमची आहे. गुडघ्यासाठी कुणी मेथीदाणे भिजवून खायला सांगितलेत. शिवाय निफाडला शेत आहे त्यामुळे हिवाळ्यात घरात मेथीची भाजी रोजच असते. यातलं काय चालेल? – निफाड

दाणे आणि भाजी यांचं उत्तर वेगवेगळं आहे. रक्त पातळ करायची ती गोळी वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल असेल तर मेथीदाणे, पूड, कॅप्सूल औषध म्हणून सुरू करू नका. वॉर्फरिनवरच्या एका पेशंटने मेथी आणि बोल्डो नावाची दुसरी एक वनस्पती घ्यायला सुरुवात केल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) वाढला आणि बंद केल्यावर परत खाली आला, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आयएनआर वाढला म्हणजे रक्त गरजेपेक्षा पातळ, म्हणजे हिरड्यांतून, लघवीतून, नाहीतर मेंदूत रक्तस्रावाची भीती. झडप बदललेल्या माणसाच्या बाबतीत इतकी जोखीम गुडघ्यासाठी घ्यायची नसते. गुडघ्याला वेदनाशामक गोळ्याही परस्पर देऊ नका, त्यातल्या बऱ्याच याच गोळीबरोबर रक्तस्राव वाढवतात.

पालेभाजीचं उलटं आहे. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीचा परिणाम कमी करतं, मग आयएनआर घसरतो आणि झडपेवर गुठळी व्हायची भीती. म्हणून भाजी बंद करा असं नाही, तर प्रमाण साधारण सारखं ठेवा. अडचण कुठे होते माहितीये का, भाव पडले की शेतकऱ्याच्या घरात जुड्यांचे ढीग पडून राहतात, टाकवत नाही म्हणून आठवडाभर दोन्ही वेळा मेथी, आणि उन्हाळ्यात महिनाभर पालेभाजी दिसतसुद्धा नाही. असा चढउतार गोळीला चालत नाही. हिवाळा सुरू होताना आणि संपताना आयएनआर एकदा जास्तीचा तपासून घ्या, आणि आमच्याकडे मेथीचा सीझन असतो हे डॉक्टरांना सरळ सांगा, नाशिकचे डॉक्टर आहेत, त्यांना ते लगेच कळेल.

झडप बदललेली नसली तरी क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनीही मेथीच्या कॅप्सूल विचारूनच घ्याव्यात. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दाताचं असलं तरी, मेथीचं सप्लिमेंट साधारण दोन आठवडे आधी बंद करायचं असतं. भूल देणारे डॉक्टर विचारतात, काही औषधं चालू आहेत का, तेव्हा आपण बीपीची आणि शुगरची गोळी सांगतो आणि मेथी, काढे, चूर्णं घरचं म्हणून सांगतच नाही. वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठीवर तेही खाली लिहून ठेवा, नाव, किती चमचे आणि कधीपासून.